वायव्य मार्ग प्रादेशिक उद्यान, ग्योआ हेवन

कॅनडाच्या नूनावुत प्रदेशात, किंग विल्यम बेटावरील ग्योआ हेवन या गावातले ऐतिहासिक उद्यान. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना आर्क्टिक बेटांमधून जोडणाऱ्या वायव्य सागरी मार्गाच्या शोधाचा इतिहास येथे जपला आहे. उद्यान म्हटले की झाडे आणि हिरवळ डोळ्यांपुढे येते. ही जागा मात्र वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यापुढे थंडीमुळे झाडे वाढत नाहीत त्या रेषेच्या, कितीतरी उत्तरेला आहे. गावातून जाणारी पायवाट, तिच्यावरची जुनी स्थळे आणि माहितीफलक, हेच उद्यान.

ब्रिटिश दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिन १८४५ साली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे घेऊन या मार्गाच्या शोधात निघाले. जहाजे याच बेटाच्या वायव्येला बर्फात अडकली आणि १२९ जणांपैकी एकही परतला नाही. बेटाच्या पूर्वेला सामुद्रधुनी आहे, हे तेव्हाच्या नकाशांना ठाऊकच नव्हते. ती जॉन रे यांनी १८५४ मध्ये दाखवून दिली. नॉर्वेच्या रोआल आमुनसेन यांनी नेमकी तीच वाट धरली. त्यांचे जहाज ‘ग्योआ’ जेमतेम ४७ टनांचे, माणसे सात. उथळ पाण्यात हा लहान आकारच कामी आला. सप्टेंबर १९०३ मध्ये त्यांनी या बंदरात नांगर टाकला आणि दोन हिवाळे येथेच काढले.

मुक्काम लांबला तो चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या, म्हणजे होकायंत्राची सुई ज्या जागेकडे वळते तिच्या, अभ्यासासाठी. लोखंडाचा अंशही मोजमापे बिघडवील, म्हणून वेधशाळा तांब्याचे खिळे ठोकलेल्या खोक्यांची उभारली. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी निश्चित केलेल्या जागेवरून ध्रुव सरकला आहे, हे या मोहिमेने सिद्ध केले. वेधशाळेची जागा पायवाटेवर पाहता येते.

या इतिहासात येथल्या मूळ रहिवाशांचा, नेट्सिलिक इनुइट लोकांचा, वाटा फार मोठा आहे. तो आमुनसेन यांच्या नावामागे झाकला जाऊ नये. कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणाच्या कातड्याचे दुहेरी कपडे, आतल्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर, सैलसर घालायचे, म्हणजे घाम साचून गोठत नाही. हे त्यांनीच शिकवले. कुत्र्यांच्या घसरगाड्या हाकणे आणि बर्फाची घरे बांधणेही त्यांच्याकडूनच. गावाचे त्यांचे नाव उक्सुक्तूक, म्हणजे भरपूर चरबीची जागा.

ऑगस्ट १९०५ मध्ये ‘ग्योआ’ निघाले आणि १९०६ मध्ये अलास्कातील नोम येथे पोचले. संपूर्ण वायव्य मार्ग पार करणारे ते पहिले जहाज. फ्रँकलिन यांचे ‘टेरर’ २०१६ मध्ये याच बेटाजवळ समुद्रतळाशी सापडले, तेही गावातल्याच एका इनुइट शिकाऱ्याने सांगितलेल्या खुणेवरून.