मुदत संपलेले गिफ्ट कार्ड आणि त्यातील पैसे
गिफ्ट कार्डाची मुदत संपली की त्यातील रक्कम कायमची बुडाली, असे दुकानात सांगितले जाते आणि ग्राहक मुकाट्याने परततो. पण हे सरसकट खरे नाही. बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने काढलेले, अनेक दुकानांत चालणारे कार्ड रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांखाली येते. त्यांनुसार मुदत किमान एक वर्षाची हवी, ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला सूचना द्यायला हवी, आणि बिगरबँक कंपनीला शिल्लक रक्कम मुदतीनंतर किमान तीन वर्षे स्वतःच्या नफ्यात वळवता येत नाही. धारकाने परतावा मागितल्यास ती त्याच्या बँक खात्यात जमा करावी लागते. म्हणून गल्ल्यावर वाद घालण्यापेक्षा कार्ड काढणाऱ्या कंपनीकडे लेखी मागणी करावी.

एखाद्या दुकानाने केवळ स्वतःच्या मालासाठी काढलेले कार्ड मात्र या निर्देशांबाहेर राहते, आणि बहुतेक वाद नेमके इथेच होतात. तेथे कार्डावरील अटी लागू होतात. तरीही पैसे आधीच पूर्ण मोजून घेतलेले असताना ते गिळंकृत करणारी अट मला अन्याय्य वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अशी अट राज्य ग्राहक आयोग रद्दबातल ठरवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवावी.