छोट्या फोर बाय फोरची मापं कुणी ठरवली?

22 सप्टेंबर 2025 पासून मोटारींवर जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि डोंगरात जाणाऱ्या गाड्यांच्या बाजारात एक गंमत झाली. महिंद्रा थारचं 1497 सीसी डिझेल इंजिनाचं मॉडेल 18 टक्क्यांत बसलं. मारुती जिमनीचं इंजिन त्याहून लहान, 1462 सीसीचं. लांबी दोघींची अगदी सारखी, 3985 मिलिमीटर. तरी जिमनीला 40 टक्के, कारण ती पेट्रोलवर चालते आणि सवलतीसाठी पेट्रोल इंजिनाची मर्यादा 1200 सीसी आहे, डिझेलची 1500. त्यावर कडी अशी की थारच्या या 1500च्या आतल्या डिझेल मॉडेलला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, नाहीच. इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. चिखलातून बाहेर काढणारं यंत्र जिच्यात आहे तिला जास्त कर, आणि जिच्यात नाही तिला सवलत!

वैतागण्यासारखं आहे, पण नवीन नाही. या जातीच्या गाड्यांचा इतिहास उलगडत गेलं की लक्षात येतं, यांची लांबी-रुंदी-वजन चिखलाने कमी आणि सरकारी कागदाने जास्त ठरवलं आहे. कधी लष्कराच्या निविदेने, कधी जपानच्या परवाना-नियमांनी, कधी आपल्या अर्थसंकल्पाने.

पहिला कागद 1940 च्या जुलैमधला. युरोपात युद्ध पेटलं होतं आणि अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी चारही चाकांना जोर देणारी हलकी गाडी हवी होती. 135 कंपन्यांना मागणीपत्रं गेली. अट होती वजन 1300 पौंडांच्या आत, म्हणजे साधारण 590 किलो. मुदत इतकी कमी की बहुतेकांनी तोंडच उघडलं नाही. अमेरिकन बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या कंपनीने मात्र कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला गाठलं आणि 49 दिवसांत नमुना उभा केला. ही कंपनी मुळात ब्रिटिश ऑस्टिन सेव्हनची अमेरिकी भावंडं बनवणारी, त्यामुळे छोट्या गाडीचा हात तिला होता. पण 590 किलो तिलाही जमले नाहीत. ते कुणालाच जमणार नव्हते. शेवटी लष्करानेच मर्यादा वाढवून 2160 पौंडांवर, म्हणजे 980 किलोंवर नेली.

इथे विलीज-ओव्हरलँड कंपनीचा मुख्य अभियंता बार्नी रूस येतो. त्याच्याकडे 60 अश्वशक्तीचं दमदार इंजिन होतं, प्रतिस्पर्ध्यांपेक्षा बरंच ताकदवान, पण गाडी भरत होती जड. इंजिन सोडायचं नाही असं ठरवून त्याने बाकीची गाडी खरवडायला घेतली. बोल्टची नटाबाहेर आलेली टोकंसुद्धा जास्तीचं वजन म्हणून छाटली. गाडी मर्यादेत बसली आणि विलीजचा आराखडा प्रमाण ठरला. मागणी एका कंपनीच्या आवाक्यातली नव्हती म्हणून फोर्डलाही तीच गाडी बनवायला दिली. दोघांनी मिळून युद्धकाळात सुमारे 6 लाख 40 हजार जीप काढल्या. मूळ कल्पना ज्यांची, त्या बँटमवाल्यांच्या वाट्याला शेवटी ट्रेलर बनवण्याचं काम आलं. मला हा भाग दरवेळी खटकतो.

याच रूसची आणि कैलाशचंद्र महिंद्रांची अमेरिकेत गाठ पडली. महिंद्रांची कंपनी तेव्हा पोलादाच्या व्यापारात होती. 1945 मध्ये ती महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. 1949 मध्ये मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जोडलेल्या विलीज जीपची पहिली तुकडी बाहेर पडली. नंतर काम कांदिवलीला गेलं. (त्याआधी 1948 मध्ये, कृष्ण मेनन लंडनला उच्चायुक्त असताना, लष्करासाठी परदेशातून जीप मागवण्याचा व्यवहार झाला आणि त्यावरून पुढे संसदेत रण माजलं. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जीपचाच.)

पुढची तीस-पस्तीस वर्षं आपल्याकडे ऑफ-रोड हा शब्द कुणी उच्चारला नसेल, कारण रोड कमी आणि बाकी सगळं जास्त होतं. बीडीओ, फॉरेस्ट, पोलीस, पाटबंधारे, कुटुंबनियोजन, निवडणुकीचा प्रचार, सगळं जीपवर. खासगी माणसाकडे जीप असलीच तर ती बागायतदाराची, ठेकेदाराची, नाहीतर लष्कराच्या लिलावातून उचललेली डिस्पोजलची. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी सवारी, म्हणून धावणाऱ्या जीपा तर अख्खी पिढी तालुक्याला नेत-आणत होत्या. बॉनेटवर बसून प्रवास केलेले लोक आजही भेटतात.

आणि गाडी मात्र तीच. अमेरिकेत विलीजचं सीजे-3बी हे मॉडेल 1953 मध्ये आलं, आपली जीप त्याच्यावरच बेतलेली. त्याचं बॉनेट असं उंच का दिसतं? नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, ते बसवायला झाकण वर उचललं, एवढंच. तिकडे ती चाल मागे पडली. इकडे परवाना राज्यात स्पर्धक नव्हता, तेव्हा बदलण्याचं कारणही नव्हतं. बदल झाला तो बॉनेटखाली. पेट्रोल परवडेना म्हणून ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं, नंतर प्यूजोच्या परवान्याने इगतपुरीत बनलेलं डिझेल. 540 म्हणून ओळखली जाणारी एमएम 540 याच वंशातली. हादरे, आवाज आणि धूर यांचं वेगळं वर्णन करायची गरज नाही, पण कुठल्याही गावातला मिस्त्री पान्यांच्या एका संचात ती खोलून बसवू शकत असे.

दुसरा कागद जपानचा. युद्धानंतर तिथे केई नावाचा छोट्या वाहनांचा वर्ग केला गेला. कर कमी, अटी सोप्या, पण माप काटेकोर: 1960 च्या दशकात इंजिन 360 सीसीच्या आत, लांबी 3 मीटर, रुंदी 1.3 मीटर. होप नावाच्या एका लहानशा कंपनीने या चौकटीत मित्सुबिशीचं इंजिन घालून फोर बाय फोर बनवली आणि मोजक्याच गाड्या विकून हात टेकले. सुझुकीत तेव्हा वर चढत असलेल्या ओसामू सुझुकींनी 1968 मध्ये तिचे हक्क घेतले. कंपनीतल्या अनेकांना हा व्यवहार पटलेला नव्हता. एप्रिल 1970 मध्ये सुझुकीची एलजे-10 जिमनी आली. हवेने थंड होणारं 359 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 25 अश्वशक्ती, ताशी 75 किलोमीटरला दम संपणार. लांबी 3 मीटरच्या आत ठेवायची म्हणून स्टेपनी मागे लटकवता येईना. ती आत घेतली आणि चौथ्या माणसाची जागा गेली. एका नियमापायी गाडी तीन सीटची झाली.

तिचं वजन होतं सुमारे 590 किलो. अमेरिकी लष्कराने 1940 मध्ये मागितलेला आणि कुणालाही न जमलेला आकडा तीस वर्षांनी जपानच्या करनियमांनी गाठून दिला.

डोंगरात या हलकेपणाची किंमत कळते. चिखलात जड गाडी आपल्याच वजनाने रुतते. हलकी गाडी वरच्या थरावरून निघून जाते, आणि अडकलीच तर चार माणसं ढकलून काढतात; दोन टनांच्या गाडीला ट्रॅक्टर शोधावा लागतो. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी असलं की बांध ओलांडताना पोट घासत नाही. रुंदी कमी असली की बैलगाडीच्या वाटेवर, दोन दगडी गडग्यांमधून जाता येतं. बाकी यंत्रणा जुनीच आणि साधी: शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे अखंड अॅक्सल, आणि ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी. या केसचा छोटा दांडा लो रेंजला टाकला की चाकं सावकाश पण दुप्पट-अडीचपट जोराने फिरतात. मग अॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी दगडावर चढते, आणि उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच तिला धरून ठेवतं. नवशिके इथेच चुकतात, जोर लावायला जातात. लो रेंजमध्ये करायचं काम म्हणजे बहुतेक वेळा काहीच न करणं.

भारतात ही गाडी आली ती मारुती उद्योगाबरोबर. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये, आणि दोन वर्षांनी, डिसेंबर 1985 मध्ये जिप्सी. सुझुकी एसजे-410 लांब करून बनवलेली, 970 सीसी पेट्रोल इंजिन, चारही चाकांना स्प्रिंग म्हणून लोखंडी पाटे, मागे समोरासमोर दोन बाकडी. फोर बाय फोर सगळ्या जिप्सींना. बऱ्याच गाड्यांत फोर बाय फोर लागू व्हायला पुढच्या चाकांचे हब (मधले तुंबे) हाताने लॉक करावे लागत; भर पावसात खाली उतरून चिखलात हात घालायचा, तोही पुढे जाऊन अडकण्याच्या आधी. 1996 मध्ये 1300 सीसीची जिप्सी किंग आली.

घरगुती गाडी म्हणून जिप्सी पडलीच म्हणायची. मागे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होत आणि डिझेल इंजिन तिला कधी मिळालं नाही. जीप डिझेलवर धावत असताना पेट्रोल कोण जाळणार? तिला तारलं सरकारने. लष्कर, पोलीस आणि अभयारण्यं. थंडीत हमखास सुरू होणारं पेट्रोल इंजिन लष्कराला चाललं, तर आवाज कमी म्हणून जंगलवाल्यांना. ताडोबात आजही सफारीची उघडी गाडी म्हणजे जिप्सीच. सरकारी लिलावातून सुटलेल्या जिप्सी मग पोरांनी घेतल्या, उंच केल्या, मोठे टायर चढवले. हौशी ऑफ-रोडिंग आपल्याकडे रुजलं त्यात या सेकंडहँड जिप्सींचा आणि डिस्पोजलच्या जीपांचा वाटा मोठा. 2014 पासून गोव्याच्या पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड शर्यतीची भारतीय स्पर्धा भरू लागली, तोवर हा प्रकार मूठभरांचा राहिला नव्हता.

जिप्सीचा शेवटही कागदानेच झाला. 2006 च्या अर्थसंकल्पात 4 मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनांच्या मोटारींचं उत्पादनशुल्क 24 वरून 16 टक्के झालं. जिप्सीची लांबी 4010 मिलिमीटर. दहा मिलिमीटर जास्त! इंजिनही 1200 सीसीच्या पुढचं, त्यामुळे लांबी छाटूनही उपयोग नव्हता. लष्कराने पुढच्या गाडीसाठी 800 किलो भारक्षमता, टणक छप्पर आणि एसी मागितलं. 2017 मध्ये 3192 गाड्यांचं ते कंत्राट टाटा सफारी स्टॉर्मला गेलं. 2019 मध्ये एबीएस (ब्रेक दाबताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि अपघात-चाचण्यांचे नियम आले, तेव्हा खासगी ग्राहकांसाठी जिप्सी बंद झाली.

योगायोग असा की त्याच 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल करता येणार नाही. बुलबारवर, म्हणजे गाडीच्या तोंडावर लावायच्या लोखंडी दांड्यांवर, तर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने बोट ठेवलं होतं. हौशी मंडळींनी गॅरेजात वाढवलेल्या गाड्या एकदम आरटीओच्या नजरेत आल्या.

गॅरेजात होत होतं ते मग कंपन्याच शोरूममधून देऊ लागल्या. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा दोन्ही डिफ लॉकसह (एक चाक हवेत फिरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी कुलपं, पुढे आणि मागे) मिळू लागली होती. ती गाडी विकली कमी गेली, पण ज्यांच्याकडे आहे ते सोडायला तयार नाहीत. महिंद्राने 2010 मध्ये जुन्या जीपच्याच अंगाची थार आणली होती. नाशिकला बनलेली नवी थार 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आली आणि जीप प्रथमच अशी झाली की ती घरच्यांना समजवावी लागली नाही. एसी, टचस्क्रीन, ऑटोमॅटिक, आणि लांबी 3985. जानेवारी 2023 मध्ये आलेलं फोर बाय फोर नसलेलं मॉडेल करासाठीच 1497 सीसीचं. माझं मत विचाराल तर ते मॉडेल म्हणजे पायात ट्रेकिंगचे बूट घालून मॉलमध्ये जाणं. पण विकलं जातं, आणि त्याच्या जोरावर फोर बाय फोर टिकते हेही खरं.

या गाड्या वाढल्या तसे समुद्रकिनारेही भरले. कोकणात ओहोटीच्या वाळूत रुतलेली थार आणि तिला ओढणारा ट्रॅक्टर हे दृश्य आता नेहमीचं आहे, गुन्हेही दाखल होतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं ज्या वाळूत अंडी घालतात, तशाच वाळूतून टायर फिरवण्यात कसली मर्दुमकी, हे मला अजून कळलेलं नाही.

जिमनी पाच दारं घेऊन 7 जून 2023 ला भारतात आली, 12 लाख 74 हजारांपासून. तीन दारांची जिमनी गुरुग्रामहून जानेवारी 2021 पासूनच निर्यात होत होती. आपल्याला दिली नाही. पाच दारांचीही इथे थारपुढे डाळ शिजली नाही, काही महिन्यांत लाखाच्या पुढच्या सवलती लागल्या. हीच भारतात बनलेली गाडी 2025 च्या जानेवारीअखेर जपानमध्ये नोमाडे नावाने जाहीर झाली. महिन्याला 1200 विकायचा बेत होता. चार-पाच दिवसांत सुमारे 50 हजार मागण्या आल्या आणि सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली.

जुनी जिप्सी शोधणाऱ्यांची रांग मात्र इथे अजून आहे. घेताना चेसिसचा गंज जितका बघावा तितकंच आरसी पुस्तकही बघावं: रंग, इंजिन क्रमांक, छप्पर, सगळं नोंदीशी जुळतं का. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपये झालं. खासगी नोंदणीच्या अखेरच्या जिप्सी 2019 च्या. त्यांची पंधरा वर्षं 2034 मध्ये भरतील, आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी आरटीओची फेरी आहे.