भांडण आजचं, कारण १७ दिवसांपूर्वीचं

एकाच वेतातल्या दोन बहिणी न्या, जन्मभर भांडणार नाहीत, असं सशांची पिल्लं देणारे छातीठोकपणे सांगतात. सुरुवातीला ते खरंही ठरतं. दोघी एकमेकींना खेटून झोपतात, गवताची एकच काडी दोन टोकांनी खातात. साडेतीन-चार महिन्यांच्या झाल्या की मात्र एक दुसरीवर चढायला लागते, तिच्याभोवती गोल धावायला लागते, ट्रे सोडून भलतीकडे लेंड्या टाकायला लागते. आणि एका सकाळी पिंजऱ्यात केसांचे पुंजके पडलेले असतात, एकीचा कान फाटलेला असतो. त्यावर कुणी जागेला दोष देतं, कुणी म्हणतं नजर लागली. नजर लागली असती तर दोन्ही अंडाशयं काढल्यावर उतरली नसती. ही उतरते.

वयाचं गणित जातीवर आहे. लहान चणीचे ससे साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात, मध्यम चणीचे चार-सहा महिन्यांत, थोराड जातींना आठ-नऊ महिनेही लागतात. जंगली सशांत याच सुमारास बहुतेक तरुण नर जन्मकळप सोडून जातात, माद्या सहसा तिथेच राहतात. पण राहतात म्हणजे गोडीने राहतात असं नाही. पिल्लं घालायला चांगलं बीळ मोजकंच असतं आणि त्यावरून माद्या एकमेकींना जबर जखमी करतात. घरातल्या पिंजऱ्यात लपायला एकच खोकं ठेवलं, तर सशांच्या हिशेबात ते एकच बीळ झालं. हरलेल्या मादीला पळून जायला वाटही नाही.

खरी गंमत मात्र त्या ‘चढण्या’त आहे. कुत्रीला, गाईला ठरावीक काळाने माज येतो आणि बीजांड आपोआप सुटतं. सशाच्या मादीचं तसं नाही. तिच्या अंडाशयात पुटकांची, म्हणजे बीजांड वाढवणाऱ्या बारीक पिशव्यांची, एक तुकडी वाढते, काही दिवस तयार राहते, विरते, तोवर दुसरी तयार झालेली असते. प्रत्येक तुकडी इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक स्रवते, म्हणून वयात आलेली मादी बहुतेक वेळ संप्रेरकांच्या अंमलाखालीच असते. बीजांड मात्र समागमाचा इशारा मिळेपर्यंत सुटत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ वॉल्टर हीप यांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं की ते समागमानंतर साधारण १० तासांनी सुटतं. इशारा जातो तो मज्जातंतूंतून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीकडे येतं, पियुषिका एलएच नावाच्या संप्रेरकाचा लोंढा रक्तात सोडते आणि पुटकं फुटतात. शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी १९३७ मध्ये सशाच्या मेंदूत या जागी विजेचा सौम्य प्रवाह सोडला, तर नराशिवायच बीजांडं सुटली. माणसातल्या गर्भारपणाची १९३१ सालची फ्रीडमन चाचणी याच गुणावर उभी होती: बाईची लघवी मादी सशाच्या शिरेत टोचायची आणि दोनेक दिवसांनी तिची अंडाशयं उघडून पाहायची. एरवी स्वतःहून न फुटणारी पुटकं फुटलेली दिसली, तर बाई गर्भार. ‘ससा मेला म्हणजे दिवस गेले’ ही समजूत यातूनच पसरली. प्रत्यक्षात निकाल काहीही असो, तपासणीसाठी ससा मारलाच जायचा.

आता मुद्दा असा की हा इशारा ओळखण्यात मेंदूची गल्लत होते. वर चढलेला नर आहे की सख्खी बहीण, हे त्या यंत्रणेला कळत नाही. बहीण चढली तरी खालच्या मादीची बीजांडं सुटू शकतात, कधीकधी चढणारीचीही. सुटलेल्या बीजांडाच्या जागी पीतपिंड नावाची गाठ तयार होते आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. (सशात हा पीतपिंड टिकतो तो मुख्यतः अंडाशयातल्याच इस्ट्रोजेनच्या आधाराने. बऱ्याच सस्तन प्राण्यांत हे काम एलएच करतं. त्यामुळे अंडाशय काढलं की पीतपिंडही जातो आणि त्याला जगवणारी रसदही.) खरा गर्भ असता तर पीतपिंड प्रसूतीपर्यंत, म्हणजे ३१ दिवसांच्या आसपास तग धरून राहिला असता. गर्भ नाही म्हटल्यावर गर्भाशयातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे तो १६ ते १८ दिवसांत विरतो. प्रोजेस्टेरॉन घसरतं, प्रोलॅक्टिन या दुधाच्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि शरीराला वाटतं, बाळंतपण आलं. हेच खोटं गर्भारपण. मादी तोंडात गवत भरून कोपऱ्यात नेते, पोटावरचे आणि गळ्याखालच्या पोळीवरचे केस उपटून घरटं करते, आणि घरट्याजवळ येईल त्याला चावते. सर्वांत जवळ असते ती बहीण.

म्हणून भांडण झालं की त्या दिवसापेक्षा अडीच आठवड्यांपूर्वीच्या नोंदी पाहाव्यात. नोंद ठेवणं अवघड नाही. एक दुसरीवर चढलेली दिसली की तारीख लिहायची आणि पंधराव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत दोघींना वेगळं ठेवायचं. केलेलं घरटं मोडू नये, मोडलं तर ती आणखी केस उपटून नवं करते. ते पाच-सहा दिवस तिच्या कोपऱ्यात हात घालू नये. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण खोटं गर्भारपण ओसरलं की पुटकं पुन्हा तयार असतात आणि चढणं पुन्हा सुरू होतं.

कायमच्या उपायाकडे वळण्याआधी एक शंका मिटवून घ्यावी: दोन्ही खरंच माद्या आहेत का? आठ आठवड्यांच्या पिल्लांत लिंग ओळखताना जाणकारही चुकतात. जननेंद्रियाजवळ अलगद दाबल्यावर नरात गोल तोंडाची छोटी नळी वर येते, मादीत उभी फट दिसते. १० ते १२ आठवड्यांत नराची वृषणं खाली उतरतात आणि लांबट, विरळ केसांच्या दोन पिशव्या दिसू लागतात. जोडी नर-मादीची निघाली तर त्याच वयात वेगळी करावी. व्यायल्यावर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा ‘नंतर बघू’ याला वाव नाही. दोन नरांची भांडणं वेगळी. त्यांत घरट्याचं वेळापत्रक नसतं, वयात आल्यापासून रोजचाच धोका असतो आणि चावा बहुधा वृषणांवर बसतो.

खात्रीचा उपाय एकच, निर्बीजीकरण. नराचं साडेतीन ते पाच महिन्यांत, मादीचं साधारण पाच-सहा महिन्यांत. ‘आधी एक वेत होऊ द्या, मग शांत होते’ याला काही आधार नाही. उलट शस्त्रक्रिया न झालेल्या चार वर्षांवरच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग इतका सर्रास आढळतो की काही जातींत प्रमाण निम्म्याच्या वर जातं. सशांची शस्त्रक्रिया नेहमी करणारा पशुवैद्य शोधावा आणि खोट्या गर्भारपणाच्या तारखा त्याला सांगाव्यात. सशाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचं नसतं. त्याला उलटी होतच नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर ते थंडावण्याची भीती असते. घरी आल्यावर १२ तासांत खाणं सुरू झालं नाही, तर पशुवैद्याला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. नराच्या वीर्यनलिकांत उरलेल्या शुक्राणूंमुळे तो चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो. मादीची संप्रेरकं निवळायलाही चार ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी ‘आता झालं ना’ म्हणत दोघींना एकत्र सोडणं ही सर्वांत जास्त होणारी चूक.

हे आठवडे दोघींनी शेजारी काढायचे, पण मधल्या जाळ्या दोन, आणि त्यांत चार बोटं अंतर. एकाच जाळीतून नाक आणि ओठ फाटतात. रोज ट्रे आणि अंथरुण अदलाबदल करायचं. ससा हनुवटीखालच्या ग्रंथी वस्तूंवर घासून हद्द आखतो. ऑस्ट्रेलियात संशोधक रोमन मिकिटोविच यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की कळपातले वरचढ नर हनुवटी जास्त घासतात आणि त्यांच्या ग्रंथीही मोठ्या असतात. म्हणजे दुसरीचा वास स्वतःच्या ट्रेमध्ये रोज सापडणं ही सशासाठी मोठी बातमी असते, आणि ती जाळीआडून, दातांविना कळलेली बरी.

भेट घडवायची ती दोघींपैकी कुणीही कधी न वावरलेल्या जागेत. फरशी समप्रमाणात व्हिनेगर-पाण्याने पुसलेली, गवताचे दोन ढीग, पाण्याची दोन भांडी, खोकं ठेवलंच तर दोन्ही बाजूंनी उघडं. पहिल्या दिवशी १० मिनिटं पुरतात. मागून चढली आणि खालची शांत असली तर दहाएक सेकंद चालू द्यावं, मग अलगद उतरवावं. तोंडाकडून चढली तर लगेच उतरवावं, कारण खालचीचे दात थेट वरचीच्या जननेंद्रियाशी असतात. कान मागे चिकटले, शेपटी ताठ झाली आणि दोघी समोरासमोर गोल फिरू लागल्या, की पुढच्या क्षणी एक केसाळ चेंडू होतो. त्यात उघडा हात घालू नये. जाड हातमोजे, केराची सुपली किंवा पुठ्ठा मध्ये सरकवावा, आणि त्या दिवशी पुन्हा भेट नाही.

गाडीत बसवून फिरवणं किंवा टोपलीत घालून हलवणं यांचा ‘मैत्रीचा रामबाण उपाय’ म्हणून फार बोलबाला आहे. घाबरलेले ससे एकमेकांना चिकटून थिजतात, ती भीती असते, मैत्री नव्हे. वर त्या भीतीने खाणं थांबून आतडं मंदावू शकतं. नाकाला सुगंधी अर्क लावण्याची युक्तीही तशीच: वास झाकला जातो, उडून गेला की भांडण जिथल्या तिथे.

भांडण झालंच तर केस बाजूला सारून सगळं अंग तपासायचं. सशाची कातडी पातळ, चावा बारीक आणि खोल, वरून दिसत नाही. चार-पाच दिवसांनी तिथे टणक गाठ आली तर तो गळू असतो. सशाचा पू चीजसारखा घट्ट असतो, वाहून जात नाही, म्हणून दाबून काढायच्या फंदात न पडता गाठ पशुवैद्याला दाखवावी.

भेटी वाढवत न्यायच्या. एकीने दुसरीचं कपाळ चाटणं, कुशीवर आडवं पडून शेजारी झोपणं, ही खूण. सलग दोन दिवस, रात्र धरून, कुणी कुणाचा पाठलाग केला नाही, की मग त्यांना एकटं सोडता येतं. महिनाभर खटपट करूनही ते होत नसेल, किंवा निर्बीजीकरण शक्यच नसेल, तर दोन जाळ्यांचा शेजार कायमचा ठेवावा. जाळीच्या दोन्ही बाजूंना गवत जवळ टाकलं की दोघी तिथेच येऊन खातात.