विद्यार्थी लघुपट, खान्देशातील : चित्रीकरणोत्तर काम आणि प्रसार

चित्रीकरण संपल्यावर संकलन, ध्वनी, रंगसंस्करण व उपशीर्षके यांद्वारे लघुपट पूर्णत्वास नेणे आणि त्यानंतर तो प्रेक्षकांसमोर आणणे, असे या कामाचे दोन टप्पे आहेत. पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत (एफटीआयआय, स्थापना 1960) संकलन व ध्वनी हे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मात्र हीच कामे चार-पाच मित्रांत वाटून, बहुधा एकाच संगणकावर करावी लागतात. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असले, तरी खान्देशी बोली अहिराणीच्या पट्ट्यात मोडते. तेथे 2000च्या सुमारास स्थानिक हौशी मंडळींनी तुटपुंज्या साधनांवर विडंबनपट तयार करून गावातच दाखवले. खान्देशात स्वतः शिकून चित्रपट पुरा करण्याचा हा जवळचा आणि आदरणीय दाखला आहे.

संकलनासाठी दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती पुरेशी ठरते. साध्या संगणकावर मूळ फाइलींऐवजी त्यांच्या हलक्या प्रतींवर काम करून अखेरीस मूळ दृश्ये जोडता येतात. आधी कच्चा जोड, मग दृश्यांची लांबी आणि क्रम, आणि ‘आता चित्र हलवायचे नाही’ हे ठरल्यावरच ध्वनी, हा क्रम मोडला तर केलेले काम पुन्हा करावे लागते. मोबाइलवरील चित्रणात दर सेकंदाला नोंदल्या जाणाऱ्या चौकटींची संख्या कमी-जास्त होत असते. त्यामुळे वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज काही मिनिटांतच ओठांच्या हालचालींपासून सुटतो. म्हणून अशा फाइली संकलनापूर्वीच स्थिर दरात रूपांतरित कराव्या लागतात.

विद्यार्थी लघुपट बहुतेक वेळा चित्रापेक्षा आवाजात कमी पडतो. शेतातला संवाद पंपाच्या घरघरीत बुडतो, उन्हाळ्यात घरातल्या दृश्यांत पंखा ऐकू येतो, आणि दोन वाक्यांच्या मधली पोकळी भरायला त्या जागेची नुसती शांतता कोणी नोंदवलेली नसते. प्रत्येक ठिकाणी कलाकारांना गप्प ठेवून अर्धा ते एक मिनिट आसमंत नोंदवण्याची सवय ही या शिक्षणाची खरी पहिली पायरी मानावी. केळीच्या पानांची सळसळ, वाळलेल्या कडब्यावरची पावले, बैलांच्या घुंगरमाळा हे ध्वनी विकतच्या संग्रहातून घेण्यापेक्षा बांधावर जाऊन स्वतः टिपणे श्रेयस्कर, कारण खान्देशी कानाला परका आवाज लगेच कळतो.

डबिंगचा प्रश्न याहून नाजूक आहे. अहिराणीतील ‘मना’, ‘तुले’, ‘शे’ ही रूपे लिहून देता येतात, परंतु हेल लिहून देता येत नाही. प्रमाण मराठी बोलणाऱ्या आवाजात तीच वाक्ये बसवली की पात्र गावाबाहेरचे वाटू लागते. म्हणून खराब झालेला संवाद शक्यतो त्याच कलाकाराकडून, शांत खोलीत गोधड्या लावून पुन्हा नोंदवावा. उपशीर्षके एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नसावीत. ‘आंडोर’साठी ‘मुलगा’ आणि ‘आंडेर’साठी ‘मुलगी’ एवढे सरळ भाषांतर पुरते. म्हणी व शिव्यांचा मात्र आशय द्यावा लागतो. रंगसंस्करणात एका प्रसंगातील सर्व दृश्यांचा उजेड जुळणे हे उद्दिष्ट पुरेसे आहे.

प्रसाराची पूर्वतयारी हक्कांपासून होते. कानबाई या खान्देशी देवीची पारंपरिक गाणी लोकपरंपरेतील असली, तरी एखाद्या कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रणावर 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्र हक्क असतो. तेव्हा गावातील बायांकडून ते गाणे लेखी संमतीने नव्याने नोंदवून घेणे हा सुरक्षित आणि अधिक जिवंत मार्ग होय. चित्रपटगृहातील जाहीर प्रदर्शनासाठी 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालील प्रमाणपत्र लागते. 2023च्या दुरुस्तीने त्यातील यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) वर्गाचे 7+, 13+ आणि 16+ असे भाग पाडले. महोत्सवातील प्रदर्शनासाठी केंद्र सरकारकडून सूट मिळण्याची वेगळी तरतूद आहे.

घाईने यूट्यूबवर टाकलेला लघुपट काही महोत्सव स्वीकारत नाहीत. त्यामुळे 1990 पासून भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव किंवा अन्य ठिकाणच्या प्रवेशिकांच्या अटी आधी वाचाव्यात आणि इंटरनेटवरील प्रकाशन त्यानंतर ठेवावे. निवड झाल्यास चित्रपटगृहासाठी डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) ही वेगळी प्रत मागितली जाते. तिची प्रचलित गती सेकंदाला 24 चौकटी असल्याने 25 चौकटींवर केलेल्या कामाचे रूपांतर आणि त्यानंतर आवाजाची तपासणी, दोन्ही आवश्यक ठरतात. यूट्यूब मात्र मोठा आवाज सुमारे उणे 14 एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) पातळीपर्यंत खाली आणते, म्हणून चित्रपटगृहासाठी व इंटरनेटसाठी ध्वनिमिश्रणाच्या दोन प्रती ठेवतात.

पोस्टरवर कथेतले एखादे अहिराणी वाक्य मोठ्या अक्षरांत छापल्यास तो लघुपट कोणासाठी आहे हे चावडीवरच्या माणसालाही उमगते. पहिला खेळ, कायदेशीर बाबी पाहून, जिथे चित्रीकरण झाले त्याच गावात शाळेच्या पटांगणावर ठेवावा. कोणत्या वाक्याला बाया हसल्या आणि कोणत्या प्रसंगी लोक उठून गेले, हे संकलकाने तिथे बसून टिपावे आणि महोत्सवांना पाठवायची प्रत त्यानंतरच पक्की करावी.