लष्करी ट्रकच्या बॅटऱ्या बदलण्याआधी हे वाचा

लिलावातून घेतलेला लष्करी डिझेल ट्रक दारात आला की पहिला खर्च निघतो तो बॅटरीचा. गाडीत बॅटऱ्या बहुधा नसतातच. असल्या तर उन्हात पडून मेलेल्या. मग मालक आमच्याकडे येतात आणि बरेच जण एकच सांगतात, "ही दोन बॅटऱ्यांची भानगड काढा, एका बॅटरीवर बारा व्होल्टची गाडी करून द्या." हे काम आम्ही घेत नाही. का घेत नाही आणि त्याऐवजी काय करून देतो, ते पैसे देण्याआधी तुम्हाला कळावं म्हणून हे पत्रक.

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला शक्तिमान असो (त्याचं उत्पादन १९९६ साली थांबलं) की त्याच्यानंतरचा अशोक लेलँडचा स्टॅलियन, आमच्याकडे येणाऱ्या या गाड्या २४ व्होल्टच्या असतात. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, जोडलेल्या. इथे एक गैरसमज नेहमी होतो: १०० अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या म्हणजे २०० होत नाहीत. व्होल्ट दुप्पट होतात, अँपिअर-अवर १००च राहतात.

२४ व्होल्ट कशासाठी? सेल्फसाठी, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरसाठी. एवढं मोठं डिझेल इंजिन फिरवायला सेल्फने समजा ५ किलोवॅट खेचले, तर २४ व्होल्टवर करंट सुमारे २१० अँपिअर जातो. तेच १२ व्होल्टवर करायचं तर ४२० अँपिअर. करंट दुप्पट झाला की त्याच केबलमध्ये उष्णता चौपट. म्हणजे केबल बदला, सेल्फ बदला, आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), वायपरची मोटर, हॉर्न, बल्ब, मीटर, सगळंच बदला. एवढा खर्च करून हातात येते ती आधीपेक्षा आळशी सेल्फ मारणारी गाडी.

मधून १२ व्होल्ट काढू नका

या पत्रकातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. म्युझिक सिस्टिम, मोबाइल चार्जर, केबिनचा पंखा, बाजारात सहज मिळणारे फॉग लॅम्प हे बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. मग कोणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर ओढतो. दिवे लागतात, गाणी वाजतात, काम स्वस्तात होतं. आम्हीही सुरुवातीच्या काळात दोन गाड्यांना असं करून दिलं होतं. दोन्ही गाड्या काही महिन्यांत परत आल्या, दोन्हींच्या बॅटऱ्या गेलेल्या. त्या आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिल्या आणि तेव्हापासून मधून वायर काढणं बंद केलं.

होतं काय ते बघा. मधून काढलेला करंट फक्त अर्थकडच्या बॅटरीतून जातो. ५ अँपिअरचा लोड ८ तास चालला, तर त्या एकट्या बॅटरीतून ४० अँपिअर-अवर गेले. दुसरी मात्र भरलेलीच. आता आल्टरनेटर चार्ज करतो तेव्हा दोघी एकाच माळेत आहेत, म्हणून चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच जाणार. जिला हवाय तिला तो पुरत नाही, जिला नको तिच्यात तो जबरदस्तीने जातो. एक १५.५ व्होल्टवर उकळतेय, दुसरी १२.५ वर उपाशी आहे, बेरीज २८. चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला फक्त बेरीज दिसते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. इकडे एका बॅटरीचं पाणी आटतं, दुसरीच्या प्लेटांवर सल्फेट जमतं. आणि पाणी आटलेली, गॅस सोडणारी बॅटरी बंद पेटीत असेल तर एका ठिणगीने फुटू शकते.

आम्ही त्याऐवजी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवतो. तो दोन्ही बॅटऱ्यांमधून सारखं घेतो. पंखा, म्युझिक आणि चार्जरला २० अँपिअरचा पुरतो. फॉग लॅम्पही हवे असतील तर आधी सांगा, मोठा लागेल. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना फ्यूज देतो. कन्व्हर्टर रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) चावीवर घेतो, नाहीतर गाडी उभी असतानाही तो थोडा थोडा करंट खात राहतो.

कोणत्या बॅटऱ्या

दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या. एक गेली तर दोन्ही बदला. हे ऐकून लोकांना आम्ही माल खपवतोय असं वाटतं, पण जुन्या बॅटरीच्या जोडीला लावलेली नवी बॅटरी लवकरच जुनीच्या पातळीवर येते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ट्रकला लावू नका. तिच्या जाड प्लेटा तासन्‌तास थोडा करंट द्यायला बनवलेल्या असतात. सेल्फ काही सेकंदांत दोन-तीनशे अँपिअर मागतो, तिथे ती बसते. लिथियमबद्दलही विचारणा होते. तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने चालत्या गाडीत अचानक बॅटरी तोडली, तर आल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून त्यातले डायोड जातात. सेल्फसाठी आम्ही लिथियम बसवत नाही.

काम झाल्यावर तुमच्यासमोर मीटर लावून दाखवतो. इंजिन बंद, गाडी काही तास उभी: साधारण २५.२ व्होल्ट किंवा जास्त. सेल्फ मारताना १९ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना २७.६ ते २८.४. सेल्फ मारताना केबल आणि अर्थमध्ये मिळून १ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर दोष बॅटरीचा नाही, लगचा (केबलच्या टोकाच्या जोडाचा) किंवा अर्थचा आहे. गंजलेल्या चासीवर नुसता बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही, रंग घासून धातू उघडा करावा लागतो. जुन्या शक्तिमानवर डायनामो आणि बाहेरचा रेग्युलेटर सापडला तर तो आधी तपासतो, नव्या बॅटऱ्या नंतर.

टँकर किंवा क्रेन बसवायला गाडी वेल्डिंगला देणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि आल्टरनेटरच्या वायरी काढायला सांगा. आल्टरनेटर जळून आलेल्या गाड्यांना "परवा कुठे वेल्डिंग केलं का?" हा आमचा पहिला प्रश्न असतो. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बंद पडलेल्या १२ व्होल्टच्या कारला या ट्रकवरून थेट करंट देऊ नका. तिचं इलेक्ट्रॉनिक्स जाईल.

चंद्रपूर-नागपूरकडे गाडी चालणार असेल तर मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, अ‍ॅसिड नाही. पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरने मोजलेली अ‍ॅसिडची घनता) साधारण १२४० ते १२६० दाखवते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ३० पॉइंट खाली असेल तर फोन करा, थांबू नका.

गाडी आणताना बॅटरीपेटीचं झाकण आणि पट्ट्या असतील तशा सोबत आणा, गंजलेल्या असल्या तरी. मापं त्यावरूनच घेतो. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, आमच्याकडे द्या. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या अधिकृत पुनर्वापराकडे जातात आणि त्यांची किंमत तुमच्या बिलातून वजा होते.