रथ (आणि त्याचे समानार्थी शब्द)

रथ म्हणजे घोडे जुंपलेलं, हलकं, बहुतेक वेळा दोन चाकांचं जुन्या काळातलं वाहन, लढाईचं आणि शर्यतीचं. शाळेत समानार्थी शब्दांच्या यादीत रथ, स्यंदन, शतांग असं एका दमात पाठ करून घेतात पण हे शब्द आले कुठून ते कोणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, ओळ आहे, 'याने चक्रिणि युद्धार्थे शताङ्गः स्यन्दनो रथः'. म्हणजे चाकं असलेलं आणि युद्धासाठीचं वाहन असेल तरच हे तीन शब्द. स्यंदन हा स्यंद् धातूपासून, वाहणे, वेगाने धावणे, म्हणजे शब्दातच स्पीड आहे. शतांग म्हणजे शंभर भागांचा, हे नाव एखाद्या सुताराने ठेवलं असावं असं आपलं मला वाटतं. लढाईला न नेता नुसता मिरवायचा असेल तर तो पुष्यरथ, बायकांसाठीचा छोटा तो कर्णीरथ, आणि सामान वाहणारी गाडी म्हणजे अनस् किंवा शकट, तिला रथ म्हणायचं नाही. थोडक्यात बैलगाडीला कोणी स्यंदन म्हणालं तर ते चूकच.

आता मूळ शब्द. लॅटिनमध्ये 'रोटा' म्हणजे चाक, अवेस्तात (जुन्या इराणी भाषेत) 'रथ' म्हणजे रथच, सगळे एकाच घराण्यातले, म्हणजे मुळात चाकावरूनच वाहनाला नाव पडलं. मग संस्कृतने उलटं केलं, चाकाला रथांग म्हणायला लागले, रथाचा अवयव! विष्णुसहस्रनामात शेवटी शेवटी 'रथाङ्गपाणि' येतं ते म्हणजे हातात चक्र असलेला, रथाचा तुकडा धरलेला नव्हे. आणि चक्रवाक पक्ष्यालाही कवी लोक रथांग म्हणतात, नावात चक्र आहे एवढ्याच जोरावर.

आऱ्यांच्या (चाकाच्या मधल्या काड्यांच्या) चाकांचे सगळ्यात जुने माहीत असलेले रथ उरल पर्वताजवळच्या सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत सापडले, साधारण इ.स.पू. 2000 च्या आसपासचे. भरीव चाक जड पडतं, आरे आले की वजन उतरतं आणि मग घोडा पळू शकतो, सगळा खेळ तिथे आहे. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये ब्राँझचा सुंदर रथ मिळाला, पण त्याला बैल जुंपलेत. उत्तर प्रदेशातल्या सनौलीला 2018 मध्ये निघालेल्या वाहनांची चाकंही भरीव आहेत, त्यामुळे तो रथ की गाडी, घोडा की बैल यावर अजून भांडणं चालू आहेत. घोड्यांचाच बघायचा असेल तर भाजे लेण्यातला सूर्याचा रथ बघा.

भागांची नावं पण सांगून टाकतो: अक्ष म्हणजे आस, नाभी म्हणजे तुंबा, नेमी म्हणजे धाव, आणि आणि म्हणजे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला ठोकतात ती खीळ (हो, शब्दच 'आणि' आहे, माझा टायपो नाही). हाकणारा सारथी किंवा सूत, लढणारा रथी. एका अक्षौहिणीत (महाभारतातलं सैन्याचं माप) 21,870 रथ, तितकेच हत्ती. चतुरंग या बुद्धिबळाच्या जुन्या खेळातही रथ होता, इराणात त्याचा रुख झाला, आणि आपण मराठीत त्याच कोपऱ्यातल्या सोंगटीला हत्ती म्हणतो.

मराठीत रथ टिकला, घोडे मात्र बरेचसे सुटले. माउलींच्या पालखीचा रथ बैल ओढतात, जळगावच्या रामाचा रथ कार्तिकी एकादशीला माणसं ओढतात, आणि त्याला वळवायला, थांबवायला चाकाखाली लाकडी मोगरी लावतात, ते काम लय कसबी लोकांचं. रथी-महारथी आता निवडणुकीत पडतात, मनोरथ घरभाडं भरून उरले तर, आणि वैकुंठरथ तर डिझेलवर चालतो.