भरल्या अंगाचा थंडीचा कोट : शिवायला टाकायच्या आधी एवढं वाचून घ्या

ताई, वैनी, काकी, नमस्कार. आमच्याकडं कोल्हापुरात कोट शिवायला येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतंय, "जरा ढगळच शिवा, अंग दिसायला नको." आम्ही ऐकून घेतो आणि चहा सांगतो, आणि मग माप घ्यायच्या आधी जे समजावून सांगतो तेच या कागदावर लिहिलंय, कारण दिवाळीनंतर गर्दी वाढली की प्रत्येकीशी निवांत बोलायला मिळत नाही.

ढगळ कोटात अंग लपत नाही. जाड कापड छातीवरनं सरळ खाली लोंबतं, पोट आणि सीट (म्हणजे नितंबाचा घेर) दोन्ही त्याच रेषेत येतात आणि जिथं कंबर आहे तिथंपण नाही असं वाटतं. कोट खांद्यावर उभा राहतो, छातीवर नाही की सीटवर नाही. खांदा आणि मुंढा (बाही जिथं जोडतात ती बगलेजवळची गोलाई) तुमच्या हाडाला बरोबर बसला की खाली हवी तेवढी जागा देता येते आणि तरीही कोट आपल्यासाठीच शिवलाय असं दिसतं.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. मी स्वतः ४६ छातीची आहे. काही वर्षांपूर्वी मनालीला जायचं म्हणून एका मोठ्या दुकानातनं रेडिमेड कोट घेतला, सीटवर बटण लागेना म्हणून दोन साइज वरचा घेतला, मग सीटवर बसला पण खांद्याची शिवण दंडावर उतरली, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या आणि हात वर केला की अख्खा कोट मानेकडं चढायचा. तिथली मुलगी म्हणाली, मॅडम तुमच्या बॉडीला असंच येणार. ते वाक्य माझ्या लई दिवस मनात राहिलं. खोट बॉडीत नव्हती, बेतण्यात होती. रेडिमेडवाले एका मधल्या साइजचा पॅटर्न काढतात आणि तोच सगळ्या बाजूंनी वाढवत नेतात, छाती वाढवली की खांदा वाढतो, मुंढा खोल होतो, बाही लांब होते. पण वजन वाढलं म्हणून बाईचा खांदा त्या हिशोबानं रुंद होत नाही आणि हात तर काही लांब होत नाही.

म्हणून आम्ही छातीची दोन मापं घेतो. एक वरची, टेप बगलेतनं घेऊन छातीच्या उभाराच्या वरनं, आणि एक भरलेली, जिथं छाती सगळ्यात जास्त आहे तिथं. समजा वरची ४२ आली आणि भरलेली ४६, तर गळा, खांदा आणि मुंढा ४२ वर बेततो आणि पुढच्या पल्ल्याला, म्हणजे कोटाच्या पुढच्या भागाला, छातीच्या जागी कापड उघडून वाढवतो. नेहमीचे पॅटर्न या दोन मापांत साधारण दोन इंचाचा फरक धरून काढलेले असतात, तुमचा फरक त्याहून जास्त असेल तर नुसती साइज वाढवून उपयोग नाही.

त्याच्याबरोबर पुढची लांबी पण वाढवावी लागते, कारण भरलेल्या छातीवरनं खाली यायला कापडाला जास्त वाट चालावी लागते. ही वाढवली नाही की कोट पुढनं आखूड दिसतो आणि बटणं लावली नाहीत तर दोन्ही पल्ले दोन बाजूंना पळतात. तुमच्याकडं जुना कोट किंवा जॅकेट असेल तर घालून आरशाला बाजू करून उभ्या राहा, खालची कड पुढं वर चढलेली दिसली तर समजा टेलरनं हेच केलं नव्हतं.

मुंढ्याबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. दंड जाड आहे म्हणून मुंढा खोल करा असं सांगतात, आणि खोल मुंढ्यातच हात अडकतो. बगलेच्या जवळ बसणारा मुंढा आणि दंडाला बाहीत भरपूर जागा, असं असलं की एसटीत वरचा दांडा धरला तरी कोट जागचा हलत नाही. दंड १७ इंच असेल तर बाही आम्ही तिथं २० तरी ठेवतो, स्वेटर घालणार असाल तर २१, आणि बाही दोन तुकड्यांची शिवतो म्हणजे कोपरात नीट वळते. ब्लाउजला दीड-दोन इंच सैल पुरतं, कोटाला स्वेटरवरनं घालायचा असेल तर छातीवर पाच-सहा इंच लागतं, ते ऐकून घाबरू नका, ते स्वेटर आणि अस्तरातच जातं.

सीटचं माप उभं राहून आणि खुर्चीत बसून दोन्ही घेतो. बसल्यावर दोन इंच सहज वाढतं, आणि कोट घालून तुम्ही गाडीत, विमानात तासन् तास बसणारच आहात. बसल्यावर बटण ताणलं जाऊ नये म्हणून मागं कट ठेवतो आणि शेवटचं बटण जरा वरच घेतो, मांडीवर नाही.

आता साडीवरचा कोट. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या काकी लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला नाहीतर कॅनडाला निघालेल्या असतात, तेपण ऐन डिसेंबरात, आणि त्या साडीच नेसणार असतात. साडीवर कोट हा वेगळाच हिशोब आहे. निऱ्यांमुळं पोटाच्या खाली पुढं जाडी येते, आणि पदराच्या चुण्या पिन लावून डाव्या खांद्यावर आल्या की डावा खांदा उजव्यापेक्षा जाड होतो. पंजाबी ड्रेसवर माप देऊन गेलेल्या एका काकींचा कोट साडीवर घातल्यावर डावीकडं उचलला गेला होता, दोन्ही खांद्यांच्या शिवणी उसवून पुन्हा बसवल्या तेव्हा कुठं नीट झाला. तेव्हापासून आम्ही स्पष्ट सांगतो, जे कपडे आत घालणार तेच घालून मापाला या, साडी तर साडी, थर्मल तर थर्मल, आणि आतले कपडे पण रोजचेच नीट फिटिंगचे घाला कारण त्यावर छातीची उंची ठरते. साडीवर कोट गुडघ्याच्या खाली चार बोटं चांगला दिसतो, जीन्स किंवा ड्रेसवर गुडघ्याच्या जरा वर. सीटच्या सगळ्यात रुंद जागी कोट संपवायचा नाही, नजर तिथंच थांबते.

कापडाचं बोलू. आपलं इचलकरंजी जवळच आहे पण तिथलं काम मुख्यतः सुती कापडाचं, कोटाचं वूलन येतं लुधियाना, अमृतसर बाजूनं. काहीजणी विचारतात की पट्टणकोडोलीच्या घोंगडीचा कोट होईल का. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, ती राठ असते, पावसाला आणि अंथरायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण मानेला आणि मनगटाला टोचते आणि कॉलर वळत नाही. तरी हौस असेल तर आम्ही नुसती कॉलरची वरची पट्टी किंवा खिशाची झाकणं घोंगडीची लावून देतो, आत मऊ अस्तर, खरंच सुंदर दिसतं.

वूलन घेताना हातात धरून वजन बघा. कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात, कोटाचं साधारण ३५० पासून ६०० पर्यंत येतं. तुमचा कोट गुडघ्यापर्यंत आणि सीट ५० च्या आसपास असेल तर ५८-६० इंच पन्ह्याचं तीन मीटर कापड लागतंच, म्हणजे ४५० ग्रॅमवालं घेतलं तर नुसतं कापडच दोन किलो झालं, वर अस्तर आणि बटणं वेगळी. खांद्याला ते दिवसभर जाणवतं. म्हणून आम्ही मोठ्या साइजला ३५० ते ४०० मधलं घट्ट विणीचं कापड सुचवतो आणि ऊब आतल्या थरातनं आणतो. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळं जास्त येते, आणि कोट आवळून शिवला की ती हवाच राहत नाही, मग कितीही महाग वूलन असू दे, थंडी वाजते. वारा जास्त असेल तिथं मेल्टन घ्या, ते पाण्यात मळून दाट केलेलं वूलन असतं, त्यातनं वारा सहज आत शिरत नाही. चौकडा घेणार असाल तर अर्धा मीटर जास्त आणा, पुढचे पल्ले आणि बाजूच्या शिवणी जुळवायला लागतात. मोठा चौकडा नको असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही, नीट जुळवलेला चौकडा भरल्या अंगाला रुबाब देतो. आणि काळ्या रंगाच्या मागं लागू नका. वाइन, बॉटल ग्रीन, मोरपंखी, राखाडी ट्वीड, जो रंग तुमच्या चेहऱ्याला उजळ करतो तोच घ्या.

कापड बाहेरनं आणणार असाल तर दुकानदाराला एक धागा मागून घ्या. आमच्या काउंटरवर आम्ही तो चिमट्यात धरून काडी लावतो. लोकर असेल तर हळू जळते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली राख बोटात चिमटली की भुगा होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक काळा मणी होतो. दोन्ही झालं तर मिक्स. मिक्स वाईट नसतं, पण प्युअर वूलनच्या भावात घेऊ नका.

डिझाइनमध्ये आमचा आवडता प्रिन्सेस कट, कारण खांद्यापासनं किंवा मुंढ्यापासनं खाली जाणाऱ्या त्या उभ्या शिवणींमध्येच छातीची आणि सीटची सगळी जागा बसवता येते, वेगळे टक्स दिसत नाहीत. कॉलर व्ही आकाराची, फार छोटी नको, अंगाच्या मानानं असू दे. डबल ब्रेस्ट पाहिजे असेल तर होतो, पण पल्ल्यावर पल्ला कमी चढवून, नाहीतर छातीवर जाड कापडाचे थर वाढतात. एक बटण छातीच्या बरोबर उंचीवर यायलाच पाहिजे, तिथं फट पडते, आणि आम्ही आतनं एक टिचबटण पण लावतो. पोट जास्त असेल तर पूर्ण बेल्ट वर सरकतो, त्यापेक्षा मागं नुसता अर्धा पट्टा लावा, कंबरेचा आकार दिसतो आणि पुढं काही आवळत नाही. वरनं लावलेले मोठे चौकोनी खिसे सीटवर नकोत, शिवणीतले किंवा तिरके खिसे करा, पण खिसे असूच देत, हात ऊबेत राहायला आणि मोबाइल ठेवायला लागतातच.

आतलं काम दिसत नाही पण पैसे त्यालाच असतात. पुढचा अख्खा पल्ला फ्युजिंगनं (इस्त्रीनं चिकटवायच्या कापडानं) कडक केला की भरलेल्या छातीवर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो, म्हणून आम्ही कॉलर, खांदा आणि पुढच्या कडेला कॅनव्हास लावतो, बाकी मऊ ठेवतो. जाड कापडाची आतली माया (शिवणीच्या आत राहणारं जास्तीचं कापड) पायरीसारखी कमी-जास्त कापतो म्हणजे शिवणीवर उंचवटा येत नाही. अस्तर व्हिस्कोसचं, पाठीत मध्यभागी एक चुण ठेवून, नाहीतर हात पुढं केल्यावर अस्तर फाटतं. बाहीचं अस्तर मात्र सॅटिनचं, स्वेटरवरनं हात सर्रकन आत जातो.

पहिली ट्रायल वूलनवर घेत नाही. आधी मांजरपाटात, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडात, अख्खा कोट कच्च्या टाक्यावर उभा करतो आणि तुम्हाला घालायला लावतो, मग खुर्चीत बसा, हात वर करा, पुढं हात करून स्टिअरिंग धरल्यासारखं करा, वाकून चप्पल घाला. कुठं ओढलं तर तिथंच खडू आणि टाचण्या. आरशात बघताना पोट आत ओढू नका एवढं मनापासून सांगते, नेहमी जशा उभ्या राहता तशा राहा, कोट तुमच्या त्या अंगाला बसवायचाय. मांजरपाट ठीक झाला की मगच वूलन वाफेनं आटवून कापतो, सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून, नाहीतर उजेडात अर्धा कोट फिका दिसतो. दुसरी ट्रायल वूलनवर. सगळं धरून तीन ते चार आठवडे द्या. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची कामं येतात, तेव्हा डिसेंबरची टूर असेल तर दसऱ्याच्या आसपास कापड टाकलेलं बरं. साइज मोठी म्हणून शिलाई आम्ही जास्त लावत नाही, कापड जेवढं जास्त लागेल तेवढंच.

आणि आपल्याकडची थंडी काही मोठी नाही, जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर नाहीतर पन्हाळ्यावर घालाल तेवढाच, त्यामुळं कोट वर्षातनं दहा महिने कपाटात राहणार. कोल्हापूरचा पावसाळा आणि कसर, या दोन गोष्टींनी चांगले कोट वाया जातात. ठेवायच्या आधी एकदा ड्रायक्लीन करा, कसर घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर आधी लागते. घरी गरम पाण्यात अजिबात धुऊ नका, लोकर आटून गठ्ठा होते. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती साडीत किंवा धोतरात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून, कापडाला न लागता. श्रावणात ऊन पडलं की एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा, रुंद खांद्याच्या हँगरवर. इस्त्री थेट फिरवू नका, ओलं फडकं मध्ये ठेवा.

दोन्ही बाजूच्या आणि मागच्या शिवणीत आम्ही एक-एक इंच माया आत ठेवलेली असते. वजन वाढलं किंवा उतरलं तर कोट घेऊन या, पहिल्या दोन वर्षांत एकदा सैल-घट्ट करायचे पैसे घेत नाही. जास्तीची दोन बटणं आतल्या शिवणीला टाकलेली असतात आणि उजव्या खिशात तुमच्याच कापडाचा वीतभर तुकडा असतो, तो फेकू नका, कुठं कसर लागली तर रफू करायला त्यातलाच धागा काढतो.